सतरा ओळी

अंक छपाईला जायच्या संध्याकाळी पानं लावणाऱ्या मुलाने हाक मारली, "सर, भावांच्या गोष्टीतल्या सतरा ओळी पानाबाहेर जातायत."

बाहेरच्या माणसाला वाटेल, मग एक पान वाढवा. पण आमचा अंक सोळा-सोळा पानांच्या फॉर्मने छापला जातो. एक पान वाढवलं तर उरलेल्या पंधरांचं काय करायचं? ओळींमधलं अंतर आधीच चिमटून झालं होतं. चित्र लहान केलं की चित्रकार आठवडाभर बोलत नाही. राहता राहिली कात्री. आणि खरं सांगायचं तर मला त्या सतरा ओळी कापायला निमित्तच हवं होतं.

गोष्ट अशी. नऊ वर्षं अबोला धरलेल्या थोरल्या भावाकडे धाकटा घराच्या कागदावर सही घ्यायला येतो. थोरल्याचा उजवा हात थरथरतो. लहानपणी तो शिडीवरून पडला होता, आणि शिडी धरायला खाली धाकटा उभा होता. त्याचा हात सुटला की त्याने सोडला, हे दुसऱ्या पानावर नुसतं सुचवून कथा लिहिणाऱ्या बाईंनी झाकून ठेवलंय. शेवटाकडे थोरला म्हणतो, "पेन दे." सही करताना हात थरथरतो, कागद सरकतो. "धाकट्याने कागद दोन्ही हातांनी दाबून धरला."

गोष्ट इथे संपते. निदान माझ्या मते संपते. बाईंनी पुढे सतरा ओळी लिहिल्या होत्या: सही, डोळ्यांत पाणी, बाहेर थांबलेला पाऊस, आणि 'नात्यांच्या कागदावर सही कुणाचीच लागत नाही' असलं एक वाक्य.

आलेल्या कथांचा गठ्ठा वाचताना हात आपोआप शेवटच्या परिच्छेदाकडे जातो. इसापाच्या गोष्टींखालचं 'तात्पर्य' आपल्या डोक्यातून गेलेलंच नाही. तात्पर्य नको असेल तर अपघात. अपघात नको असेल तर 'तेवढ्यात त्याला जाग आली'. हल्ली स्पर्धांच्या परीक्षकांनी धक्क्याला बक्षिसं देऊन देऊन आणखी एक खोड लावलीय: सगळी कथा लपवाछपवीत घालवायची आणि शेवटच्या ओळीत सांगायचं की बोलणारा माणूस मेलेलाच होता. असा धक्का एकदा बसतो. दुसऱ्यांदा वाचायला त्या कथेत काही उरत नाही. चांगल्या शेवटाची माझी परीक्षा साधी आहे. तो वाचून पहिल्या पानाकडे परत जावंसं वाटलं पाहिजे.

एवढी सगळी अक्कल पाजळून मी बाईंना फोन केला. त्या वयाने माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठ्या. 'दाबून धरला'वर थांबू या, म्हटलं. त्या थोडं थांबून म्हणाल्या, "तुम्हाला योग्य वाटेल ते करा."

हे वाक्य म्हणजे होकार नव्हे. इतकी वर्षं माणसांशी बोलून मला हे माहीत असायला हवं होतं. पण प्रेसचा माणूस खाली थांबला होता.

आमचे मुद्रितशोधक ऱ्हस्वदीर्घावरून जीव नकोसा करतात, पण ऑफिसात प्रत्येक शब्द वाचणारा माणूस तो एकच. प्रूफ परत देताना ते म्हणाले, "शिडीचं काय झालं?" मी म्हणालो, "ते वाचकाला कळतं हो." त्यांनी चष्मा पुसला आणि गेले.

अंक आला. त्या शेवटाचं कौतुक झालं, बाईंनाही फोन गेले. मी मनातल्या मनात थोडा फुगलो. मग एका वाचकाचं पत्र आलं. कथा आवडल्याचं लिहून खाली एक ओळ होती: 'पण शिडी सुटली की सोडली? धाकट्याला ते कुणी कधी विचारलंच नाही का?'

मी मूळ हस्तलिखित काढलं. पाणी आणि पाऊस यांच्या मधोमध, कापलेल्या अकराव्या ओळीत, कागद धरलेल्या भावाला थोरला म्हणतो, "शिडीसारखा सोडू नकोस."

म्हणजे त्याला माहीत होतं. नऊ वर्षं नव्हे, जन्मभर माहीत होतं. कथेचा सगळा भार त्या तीन शब्दांवर होता आणि मी तो भरताड म्हणून उडवला होता. प्रूफांतही नीट वाचला नव्हता. पाऊस दिसला की मी पुढचं वाचतच नाही.

स्वतःची समजूत घालायला डिकन्स आठवला. १८६१ साली 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'ची प्रूफं वाचून बुलवर-लिटन या लेखकमित्राने शेवट बदलायला सांगितला आणि डिकन्सने बदलला. मूळ शेवट तो गेल्यावर त्याच्या चरित्रात छापला गेला आणि वाचक अजून दोन शेवटांवरून भांडतात. पण तिथे नवा शेवटही डिकन्सनेच लिहिला होता. इथे तो मी लिहिला. लिहिलाही नाही, कापला.

परवा बाईंचा फोन आला. संग्रह निघतोय, अंकात आली तशीच कथा घेतलीय, एकदा नजर टाकाल का? मी म्हटलं, "ते शिडीचं वाक्य परत घ्या."

"कुठलं वाक्य?"

त्यांच्याकडे प्रत नव्हती. एकच हस्तलिखित, तेही आमच्या कपाटात. मी वाक्य वाचून दाखवलं. पलीकडे बराच वेळ शांतता.

"हे मी लिहिलं होतं?" मग म्हणाल्या, "कुठे बसवायचं ते आता तुम्हीच सांगा."

तिथेच अडलोय. अगदी शेवटी ठेवलं तर ते टाळीचं वाक्य होतं, धक्कावाल्यांच्या पंगतीत जाऊन बसतं. 'दाबून धरला'च्या आधी ठेवलं तर धाकटा सांगितल्यामुळे कागद धरतो, आपणहून नाही, आणि मग सगळंच गेलं. हेमिंग्वेने एका कादंबरीचा शेवट ३९ वेळा लिहिल्याचं सांगितलं होतं. पुढे २०१२ च्या आवृत्तीत ४७ शेवट छापले गेले. माझ्याकडे फक्त तीन शब्द आहेत आणि ते ठेवायला चार जागा.

सध्या ते 'पेन दे'च्या लगेच नंतर आहेत. काल आधी होते.