स्मारा कुठलं?

जुलैत आमच्या शेजारच्या मावशींकडं दहा वर्षांचा एक पाहुणा आला. पहिल्याच रात्री त्यानं घरातल्या रिकाम्या बाटल्या गोळा केल्या, नळाखाली धरून गळ्यापर्यंत भरल्या आणि बाल्कनीत भिंतीला लावून ओळीनं मांडून ठेवल्या. मावशी जन्मभर इथं स्पेनमध्ये, व्हॅलेन्सियात राहिलेल्या, त्यांना काही उमजेना. मला लगेच कळलं. लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी यायचं, तेव्हा आमच्या घरात टिपाड, हंडे, कळशा, पुरणाचं पातेलंसुद्धा भरून ठेवलेलं असायचं. टँकरवर वाढलेलं लेकरू ओळखू येतं.

हा मुलगा सहरावी, म्हणजे मोरोक्कोच्या दक्षिणेला असलेल्या पश्चिम सहाराचा. पण तो मुलूख त्यानं कधी पाहिलेला नाही. जन्म अल्जीरियात, तिंदूफजवळच्या निर्वासितांच्या छावणीत. दर उन्हाळ्यात तिथली मुलं स्पेनमधल्या घरांत राहायला येतात. गाव विचारलं तर म्हणाला, "स्मारा." स्मारा हे पश्चिम सहारातलं खरंखुरं शहर, आणि त्याच्या छावणीचं नावही स्माराच. १९७५-७६ मध्ये माणसं जीव घेऊन पळाली, ती गावांची नावं सोबत घेऊन गेली.

तेव्हा पश्चिम सहारा ही स्पेनची वसाहत होती. १६ ऑक्टोबर १९७५ ला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयानं मत दिलं की मोरोक्कोची या भूमीवरची मालकी सिद्ध होत नाही, इथल्या लोकांना स्वयंनिर्णयाचा हक्क आहे. तीन आठवड्यांत मोरोक्कोनं साडेतीन लाख माणसांचा मोर्चा सीमेवर आणला. पुढं स्पेन निघून गेला आणि सहरावींची मोरोक्कोशी सोळा वर्षं लढाई चालली. १९९१ ला संयुक्त राष्ट्रांनी युद्धबंदी घडवली ती जनमत घेण्याच्या शब्दावर: स्वतंत्र व्हायचं की मोरोक्कोत राहायचं. मतदान जानेवारी १९९२ ला व्हायचं होतं. ते अजून झालेलं नाही.

अडलं मतदारयादीवर. स्पेनच्या १९७४ च्या शिरगणतीत सुमारे ७४ हजार माणसं होती, मोरोक्कोला त्यात आणखी हजारो नावं हवी होती. अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांनी सात वर्षं खटपट केली आणि २००४ ला राजीनामा दिला. आपल्या भारतानं १९८५ ला सहरावींच्या प्रजासत्ताकाला मान्यता दिली होती, २००० ला ती काढून घेतली. मला हे फार लागतं. २०२० ला अमेरिका मोरोक्कोच्या बाजूला गेली, २०२२ ला खुद्द स्पेननं मोरोक्कोच्या योजनेला पाठिंबा दिला: सहरावींना स्वायत्तता, पण मोरोक्कोच्या अमलाखालीच.

तरी प्रयत्न थांबलेले नाहीत. सहरावींच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या पोलिसारिओ फ्रंट या संघटनेनं युरोपच्या न्यायालयात दाद मागितली. ४ ऑक्टोबर २०२४ ला निकाल लागला: युरोपीय संघानं मोरोक्कोशी केलेले शेतमालाचे आणि मासेमारीचे करार सहरावी लोकांच्या संमतीशिवाय झाले, म्हणून रद्द. त्याच दिवशी दुसऱ्या एका खटल्यात न्यायालयानं सांगितलं की तिथल्या खरबुजांवर आणि टोमॅटोंवर पश्चिम सहारा असंच लिहिलं पाहिजे. तेव्हापासून बाजारात टोमॅटोच्या डब्यावरची चिठ्ठी वाचल्याशिवाय मी तो पिशवीत टाकत नाही.

आपला मराठवाडाही एकदा सुरक्षा परिषदेच्या टेबलावर होता. १६ सप्टेंबर १९४८ ला पॅरिसमध्ये निजामाच्या भारताविरुद्धच्या तक्रारीवर चर्चा झाली, दुसऱ्या दिवशी निजाम शरण आला. हैदराबाद स्वतंत्र राहणार हे निजामानं ठरवलं होतं, रयतेला कुणी विचारलं नव्हतं. माझे आजोबा हदगावकडचे. रझाकारीत ते पैनगंगा ओलांडून निजामाच्या हद्दीबाहेर, उमरखेडला पळाले होते.

ही गोष्ट मी त्या मुलाला सांगितली. त्याच्या गावाच्या वाटेत नदी नाही, मोरोक्कोनं उभारलेली २,७०० किलोमीटरची वाळूची भिंत आहे आणि तिच्यालगत सुरुंग पेरलेले आहेत.

"मग तुझे आजोबा परत कधी गेले?"

"काही महिन्यांनी."

त्याला वाटलं माझं स्पॅनिश चुकलं. बाटलीचं झाकण लावता लावता तो थांबला. "महिने? वर्षं नाही?"