बोट आवरा!

पेस्टलचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे आपली तर्जनी. कांडी टेकवली, रेघ उमटली, की ती लगेच पुढे सरसावते आणि चोळायला लागते. सवय शाळेतली. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या वयात हाती येतो तो ऑइल पेस्टल, म्हणजे मेण आणि न वाळणारं तेल. त्याची चित्रं कधी पुरती सुकतच नाहीत, वहीतल्या समोरच्या पानाला जाऊन चिकटतात. ते प्रकरण वेगळं.

सॉफ्ट पेस्टलमध्ये असते रंगद्रव्याची पूड, थोडी खडूची भुकटी आणि कांडी धरून ठेवण्यापुरता डिंक, बस्स. डिंक जास्त झाला तर कांडी कागदावर नुसती खरवडते; कमी पडला तर हातातच भुगा. तेल नसल्यामुळे रंग पिवळा पडत नाही. रोझाल्बा कारिएरानं १८व्या शतकात व्हेनिसमध्ये पेस्टलनं रंगवलेले चेहरे अजून टवटवीत दिसतात ते त्यामुळेच. अर्थात रंगद्रव्य टिकाऊ हवं. स्वस्त खोक्यातले गुलाबी-जांभळे उन्हात उडतात.

ही पूड कागदावर टिकते ती त्याच्या खरखरीतपणामुळे. साध्या कार्ट्रिजवर, म्हणजे नेहमीच्या ड्रॉइंगच्या कागदावर, दोन-तीन थर बसतात, मग कांडी घसरते. सँडेड, म्हणजे पॉलिश पेपरसारखा खरखरीत, कागद बरेच थर पेलतो, पण महाग. मधला मार्ग कॅन्सन कंपनीच्या मि-तैंत कागदाचा. त्याची एक बाजू मधमाशीच्या पोळ्यासारखी खडबडीत, दुसरी त्या मानानं गुळगुळीत. बारीक काम दुसरीवर करावं. आणि कागद रंगीत घ्यावा. पांढऱ्यावर प्रत्येक फट डोळ्यांत खुपते.

आता वाईजवळच्या मेणवलीचा घाट घ्या. नाना फडणवीसांच्या वाड्यामागून कृष्णेत उतरणाऱ्या काळ्या दगडाच्या पायऱ्या. काळा दगड म्हणून काळी कांडी उचलली की चित्र तिथंच मेलं. मातकट तपकिरी कागदावर आधी गडद जांभळा आणि गडद निळा, कांडीचा दोन-तीन सेंटिमीटरचा तुकडा मोडून, आडवा धरून, हलक्या हातानं. त्यावर राखाडी. प्रत्येक पायरीची उभी बाजू सावलीत तशीच ठेवायची आणि आडव्या पाठीवर ऊन म्हणून फिकट गेरूचा एकच ठसा. गडदाकडून उजळाकडे जायचं, जलरंगाच्या अगदी उलट. पाण्याच्या कडेच्या ओल्या पायऱ्या कोरड्यांपेक्षा गडद राहतात. तिथं उजेड अजिबात घालू नये.

इथंच तर्जनी वळवळते. चोळल्यावर नेमकं काय होतं? रंगाचे कण चिरडून कागदाच्या खळग्यांत दाबले जातात, उजेड उधळणारा पृष्ठभाग सपाट होतो आणि खालचा जांभळा वरच्या गेरूत मिसळून चिखल होतो. बोटाचा तेलकटपणा वेगळाच. चोळायचं असेल तर फक्त पहिला थर चोळा, तोही आकाशाचा. बाकी दोन रंग शेजारी शेजारी रेघांनी ठेवा. फ्रेंच चित्रकार एदगार देगाच्या नर्तकी बघा. थरामागून थर, मधे फिक्सेटिव्ह (पूड धरून ठेवणारा फवारा), आणि वर मोकळ्या रेघा.

फिक्सेटिव्हचंही तसंच. तीसेक सेंटिमीटरवरून हलका फवारा दिला की पुढचा थर धरतो, पण उजळ रंग बसतात, म्हणजे काळवंडतात. म्हणून शेवटचं ऊन फवाऱ्यानंतर.

बोर्ड जरासा पुढे कलता ठेवला की भुकटी खाली गळते. फुंकर मारू नका. कॅडमियमची पूड छातीत जाऊन कुणाचं भलं होत नाही. कासच्या पठारावर सप्टेंबरात तेरडा आणि कवला रंगवायला जाणाऱ्यांनी वाऱ्याचा भरवसा धरू नये. तिथं स्केच आणि रंगांची नोंद करावी, चित्र घरी.

चित्र काचेला टेकलं की पावसाळ्याच्या दमटपणात बुरशी ठरलेली. माउंटखाली, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीखाली, चार-पाच मिलिमीटरची पट्टी घालून फट ठेवायची, म्हणजे गळणारी भुकटी माउंटच्या मागे पडते. काचेऐवजी अॅक्रिलिकची शीट नको, तिची स्थिर वीज रंग ओढून घेते. आणि फ्रेमवाल्याला आधीच बजावा, मागची पाठ टेपनं किंवा स्क्रूनं बसव, हातोडी नको. चित्र पालथं घालून खिळे ठोकले तर निम्मा घाट काचेवर उतरतो.