३७.३३ सेकंद

आंबे उतरवताना झाडावरून पडलो आणि कंबरेखाली सगळं बंद झालं. आठ महिन्यांनी फिजिओथेरपीच्या ताई म्हणाल्या, "आता पाण्यात उतरायचं." मला रागच आला. ज्याला कूस बदलायला दुसऱ्याचा हात लागतो, त्यानं पोहायचं कसं?

त्या रात्री बाबांनी मुरलीकांत पेटकरांचं नाव काढलं. आमच्याच सांगली जिल्ह्यातले, पेठ-इस्लामपूरचे. लष्कराच्या ईएमईत, म्हणजे यंत्रं-वाहनं दुरुस्त करणाऱ्या दलात जवान आणि बॉक्सर. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, पाय लुळे पडले. पोहणं त्यांच्याही वाट्याला उपचार म्हणूनच आलं. १९६८ ला तेल अवीवच्या पॅरालिंपिकमध्ये ते टेबल टेनिस खेळले. १९७२ ला जर्मनीतल्या हायडेलबर्गमध्ये भालाफेक, स्लॅलम (चाकाच्या खुर्चीवरून अडथळे पार करायची शर्यत) आणि पोहणं. तिथे ५० मीटर फ्रीस्टाइल ३७.३३ सेकंदांत, विश्वविक्रमासह. पॅरालिंपिकमधलं भारताचं पहिलं सुवर्ण. पद्मश्री मिळायला मात्र २०१८ उजाडलं. हे मला अजून पचत नाही.

पहिल्या तलावावर आम्हाला नाही म्हणाले. दुसरीकडचे सर म्हणाले, "दुपारी गर्दी नसते, तेव्हा आणा."

उतरण्याआधीच अर्धा तास जायचा. कॅथेटरनं लघवी काढायची, पाठ आणि टाचा कुठे सोलवटल्यात का ते आईनं बघायचं, मग मोजे. पाय फरशीला घासले तरी मला कळत नाही, म्हणून मोजे. दोघं जण काठावरून अलगद पाण्यात सोडायचे. सोडलं की पाय तळाकडे ओढायचे, मी घाबरून मान वर काढायचो, पाय आणखी खाली.

"मान सोडा. कपाळ पाण्यात दाबा, कंबर वर येईल," सर रोज सांगायचे. अकराव्या दिवशी आली. मी पालथा, कुणाचाही हात न लागता तरंगत होतो. काठावर आई रडत होती.

श्वासानं जास्त छळलं. पायांचा आधार नसल्यानं तोंड वळवलं की अख्खं अंग उलटायचं. पुढचा हात लांब ताणून ठेवायचा आणि त्यावरच तोल धरायचा, एवढं जमायला दोन महिने गेले. खांद्यांना रोज बर्फ.

पाचव्या महिन्यात ५० मीटर पार केले. सरांनी घड्याळ दाखवलं: दोन मिनिटं एकेचाळीस. दंड थरथरत होते. नुसत्या हातांनी ३७.३३ म्हणजे काय, ते तेव्हा मला खांद्यांतून कळलं.

घरी आल्यावर बाबांनी तो आकडा कॅलेंडरवर लिहिला. शेजारी माझाही.