न्यूजर्सीतला माझा क्लास आणि मुलुंडमधले प्रश्न

सध्या मी मुलुंडला आईकडे आलेय आणि रोज कोणी ना कोणी विचारतंय की ताई, तू तिकडे मुलांचा गणिताचा क्लास चालवतेस ना, तशी फ्रँचायझी इकडे घेतली तर चालेल का. मावसबहीण तर ब्रोशर घेऊनच आली. तिला तोंडी बरंच सांगितलं, मग म्हटलं सगळ्यांसाठी एकदाच लिहून टाकू.

चालेल, पण सही करायच्या आधी, जी माणसं ती फ्रँचायझी सोडून गेलीत त्यांना गाठा. अमेरिकेत हे सोपं आहे. तिकडे कायदाच आहे की कंपनीने एफडीडी (फ्रँचायझी डिस्क्लोजर डॉक्युमेंट, म्हणजे फ्रँचायझीची सगळी माहिती देणारा) नावाचा जाडजूड कागद सही किंवा पैसे घ्यायच्या किमान १४ दिवस आधी हातात द्यायचा, त्यात २३ आयटम, म्हणजे ठरलेले भाग असतात, आणि आयटम २० मध्ये चालू सेंटरवाल्यांबरोबर गेल्या वर्षात जे बाहेर पडले त्यांची नावं आणि फोन नंबरसुद्धा द्यावे लागतात. मी सगळ्यात आधी तेच पान उघडलं. बाहेर पडलेल्या एका बाईंनी मला इतकं मोकळेपणाने सांगितलं की कंपनीच्या ट्रेनिंगपेक्षा तो फोन जास्त कामाला आला. त्या म्हणाल्या, सुरुवातीच्या खर्चाच्या तक्त्यात, म्हणजे आयटम ७ मध्ये, हातात ठेवायचा पैसा बहुतेक वेळा पहिल्या तीनच महिन्यांचा धरलेला असतो, सेंटर तीन महिन्यांत भरत नाही, त्यामुळे एक अख्खा उन्हाळा धरून हिशोब कर. आणि खरंच, न्यूजर्सीत जूनच्या शेवटी शाळा बंद झाल्या की मुलं कॅम्पला जातात, नाहीतर इकडे आजीकडे येतात, आणि सेंटरचं भाडं तेवढंच राहतं. मुंबईत तोच प्रकार मे महिन्यात, परीक्षा संपली की गाव.

भारतात फ्रँचायझीचा असा वेगळा कायदा नाही, सगळं १८७२ च्या कॉन्ट्रॅक्ट ॲक्टवर आणि तुमच्या ॲग्रीमेंटवर चालतं, त्यामुळे सोडून गेलेल्यांची यादी कोणी आपणहून देणार नाही. तुम्ही मागा. नाही दिली तर घाटकोपर, ठाणे, बोरिवली जिथे जिथे त्यांची सेंटर आहेत तिथे संध्याकाळी पाच-सहाला जाऊन बसा, मुलं मोजा, न्यायला आलेल्या आजी-आजोबांशी बोला, त्यांना सगळं माहीत असतं.

त्या बाईंनी सेंटर का सोडलं ते सांगते, कारण मला या धंद्यातलं सगळ्यात महत्त्वाचं तेच वाटतं. त्या स्वतः नोकरी करायच्या आणि सेंटरवर मॅनेजर ठेवला होता. मुलं यायची आणि दोन-तीन महिन्यांत गळायची. आता बघा, पाचवीतला मुलगा अपूर्णांक जमत नाहीत म्हणून येतो, चाचणी घेतली की दिसतं की आठ अधिक सात तो बोटांवर मोजतोय, मग छेद समान करताना पाढे आठवणार कुठून. त्याला मागे न्यावंच लागतं, अगदी दुसरीच्या बेरजेपर्यंत. आईवडिलांना ते फार लागतं, मराठी असो, तेलुगू असो, गुजराती असो, सगळे एकच बोलतात, एवढी फी भरून तुम्ही याला बेरीज शिकवणार? अशा वेळी मी त्यांना शेजारी बसवते, मुलाने सोडवलेलं पान समोर ठेवते आणि तो कुठे थांबला, कुठे बोटं वापरली ते एकेक गणित दाखवते. हे बोलणं मालकाने करायचं, पगारी माणूस घाईत उरकतो. आणि ते नीट झालं नाही तर पुढच्या महिन्यात मूल येत नाही. मूल नापास वगैरे नसतं हो, मधली एक पायरी कच्ची राहिलेली असते आणि ती भरली की तोच मुलगा स्वतःहून पुढचं पान मागतो, तेव्हा मला जे वाटतं ना, त्यासाठीच मी हे करते.

मुलाला जमतं तिथपर्यंत मागे नेऊन रोज थोडं थोडं सोडवायला द्यायची ही पद्धत मुळात जपानमधली. तोरू कुमोन या गणिताच्या शिक्षकाने १९५४ मध्ये दुसरीतल्या आपल्या मुलासाठी हाताने गणितं लिहून दिली, रोज थोडी, सोप्यापासून सुरुवात, आणि १९५८ मध्ये ओसाकात कंपनी काढली. माझी कंपनी दुसरी आहे पण गाभा तोच.

मुंबईपुरतं थोडं. फ्रँचायझीचा करार काही वर्षांचा आणि जागेचं लीव्ह अँड लायसन्स ११ महिन्यांचं असं करू नका, मालकाने जागा मागितली तर शंभर पालकांना नवा पत्ता कळवत बसाल. जागेचा करार निदान तेवढ्याच वर्षांचा करा, तो रजिस्टर करा, सोसायटीत असेल तर एनओसी आधी घ्या. ट्यूशनच्या फीवर १८ टक्के जीएसटी आहे, वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर रजिस्ट्रेशन लागत नाही, पण मग रॉयल्टीवर, म्हणजे तिचं नाव आणि पद्धत वापरण्यासाठी कंपनीला द्यायच्या पैशांवर, कंपनी जो जीएसटी लावते तो परत मिळत नाही, तो खर्चातच धरा. आणि जानेवारी २०२४ मध्ये केंद्राने कोचिंग सेंटरसाठी सूचना काढल्यात, १६ वर्षांखालच्या मुलांना प्रवेश नको असं त्यात आहे, ५० पेक्षा जास्त मुलं असलेल्या क्लासला त्या लागू होतात. आपल्या सेंटरचं त्यात काय होतं ते कंपनीकडून लेखी घ्या, तोंडी अजिबात चालवून घेऊ नका.

मावसबहिणीने सोडून गेलेल्या दोघी शोधून काढल्यात. त्यातली एक बोरिवलीची, तिने शनिवारी घरी बोलावलंय. आम्ही दोघी जातोय, आणि पहिला प्रश्न ठरलाय, मे महिन्यात किती मुलं उरायची.