स्कोअर न लिहायचा राउंड

डिस्क गोल्फच्या टूर्नामेंटसाठी गावोगाव फिरतो असं सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला, "तुझी डिस्क किती लांब जाते?" आणि मला दरवेळी वाटतं की अरे विचारायचं तर हे विचार ना, कोर्स चालायला किती वेळ घेतोस. कारण परक्या कोर्सवर लांबी कामाला येते पण नंतर, त्याआधी डोळे आणि पाय लागतात. शुक्रवारी ज्याने कोर्स नीट पाहिलाय तो शनिवारी पहिल्या टी पॅडवर, म्हणजे जिथून पहिला थ्रो मारतात तिथे, उभा राहतो तेव्हा त्याच्या खांद्यांवरूनच कळतं.

ज्यांना खेळ नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. गोल्फसारखंच सगळं, फक्त बॉलऐवजी डिस्क आणि खड्ड्याऐवजी साखळ्या लटकवलेली बास्केट. टीपासून बास्केटपर्यंतचा टप्पा म्हणजे एक होल, आणि तो कमीत कमी थ्रोमध्ये संपवायचा. ही साखळ्यांची बास्केट एड हेडरिक यांनी काढली, 1975 साली कॅलिफोर्नियात ओक ग्रोव्ह पार्कमध्ये पहिला कायमचा कोर्स आखला आणि 1976 मध्ये पीडीजीए (प्रोफेशनल डिस्क गोल्फ असोसिएशन) ही संघटनाही त्यांनीच सुरू केली. आज कुठेही अधिकृत स्पर्धा खेळा, नियम पीडीजीएचेच. म्हणजे नियम तेच, बास्केटही साधारण तशीच, बदलतं ते फक्त मधलं सगळं. झाडं, उतार, वारा, जमीन, हवा.

तर प्रॅक्टिस राउंड. बहुतेक जण तो खराखुरा राउंड असल्यासारखा खेळतात, स्कोअर लिहितात, बर्डी (पारपेक्षा, म्हणजे होलसाठी ठरलेल्या थ्रोंपेक्षा, एक कमी) आली की खूश, बोगी (एक जास्त) आली की तोंड पाडून बसतात. मी स्कोअर लिहितच नाही. माझं ठाम मत आहे की प्रॅक्टिस राउंडला स्कोअर लिहिणं म्हणजे स्वतःची फसवणूक आहे, आज वारा पूर्वेकडून होता म्हणून जमलं, उद्या पश्चिमेकडून आला की तो स्कोअर काय कामाचा? त्यापेक्षा मी होल उलटा चालतो. आधी बास्केटपाशी जायचं, तिथे उभं राहून टीकडे बघायचं. टीवरून जी गल्ली अगदी सरळ आणि मोकळी दिसते ती बास्केटपासून बघितली की कळतं, अरे ही तर आपल्याला चुकीच्या बाजूला नेऊन सोडतेय, खरी वाट डावीकडच्या दोन झाडांच्या मधून आहे आणि तिथून दुसरा थ्रो एकदम उघडा मिळतो.

बास्केटच्या मागे काय आहे हे तर बघायलाच हवं. समजा बास्केट उताराच्या कडेवर आहे आणि मागे जमीन खाली घसरत जाते. आठ-नऊ मीटरचा पुट (बास्केटमध्ये टाकायचा जवळचा थ्रो) आहे, एरवी डोळे झाकून मारू असा. पण हुकला आणि डिस्क स्वतःच्या कडेवर उभी पडली की चाक होऊन गडगडत जाते, आणि परतीचा पुट कदाचित पहिल्यापेक्षाही लांबचा. मग मी तिथे वाकून गवत हाताने बघतो, दाट आहे की विरळ, खाली माती ओली आहे की टणक. दाट गवत डिस्क धरून ठेवतं, टणक मातीवर ती थांबतच नाही. एक डिस्क मुद्दाम कडेवर सोडून बघतो कुठपर्यंत जाते. जास्तच गेली तर त्या होलवर वाऱ्यात लांबून थेट बास्केटवर मारायचं नाही, खालून हळूच टाकायची आणि दोन पुट घ्यायचे, हे तिथल्या तिथे ठरवून टाकतो. बास्केटपासून दहा मीटरच्या आत तर आणखी एक भानगड असते, डिस्क सोडल्यावर तोल सावरून दाखवल्याशिवाय मार्करच्या (डिस्क पडली होती त्या जागेच्या खुणेच्या) पुढे पाऊल टाकता येत नाही, त्यामुळे उतारावर पाय कुठे रोवायचा हेही आदल्या दिवशी बघून ठेवलेलं बरं.

ओबीच्या (आउट ऑफ बाउंड्स, म्हणजे हद्दीबाहेरच्या) रेषांचं तसंच. अमेरिकेत रॉक हिलला विन्थ्रॉप विद्यापीठाच्या मैदानावर 1999 पासून यूएस चॅम्पियनशिप होते, तिथे पिवळ्या दोऱ्या टाकून ओबी आखतात. व्हिडिओत बघताना वाटतं एवढं मोठं मोकळं मैदान, ह्यात काय अवघड आहे, पण त्या दोऱ्यांमुळे मोठमोठे खेळाडू बिचकतात. दोरीबाहेर गेलं की एक थ्रोची पेनल्टी, बस. म्हणून मी कोर्स चालताना लँडिंगची जागा पावलांनी मोजतो, रुंदी वीस पावलं की बारा पावलं यावर ड्रायव्हर (लांब जाणारी डिस्क) काढायचा की मिडरेंज (मधल्या पल्ल्याची) हे ठरतं.

हवेबद्दल फिरतीवर नसलेल्या लोकांना सांगितलं तर विश्वास बसत नाही. उंचावरच्या ठिकाणी हवा विरळ असते, डिस्कला तरंगायला आधार कमी मिळतो, त्यामुळे समुद्रसपाटीला छान सरळ जाणारी डिस्क तिथे लवकर खाली येते आणि शेवटी जोरात फेड होते, म्हणजे एका बाजूला वळते. उजव्या हाताने बॅकहँड मारणाऱ्याची डावीकडे ओढली जाते. अशा ठिकाणी जाताना मी जरा अंडरस्टेबल (फेडच्या उलट बाजूला वळणाऱ्या), झिजलेल्या डिस्क जास्त घेतो. उलट समुद्रकाठी समोरून वारा असेल तर हीच झिजलेली डिस्क उलटी होऊन भलतीकडेच जाते, तिथे नवी कडक ओव्हरस्टेबल (फेडच्या बाजूला जोर धरणारी) हवी. पुटचंही तेच, समोरचा वारा पटर (पुटसाठीची डिस्क) वर उचलतो आणि पाठीमागचा खाली दाबतो. थंडीत प्लास्टिक कडक होतं, हातातून नीट सुटत नाही, म्हणून पटर जॅकेटच्या आत ठेवायचा. आणि विमानाने जात असाल तर रोजच्या डिस्क हातातल्या बॅगेतच ठेवा, कपडे नाही आले तरी चालतंय, हाताला सवय असलेला पटर नाही आला तर सगळंच अवघड.

आता मला ह्या खेळात सगळ्यात जास्त आवडणारी गोष्ट. कार्डवर, म्हणजे एकत्र खेळणाऱ्या गटात, चार अनोळखी लोक असतात, पंच नसतो, फाउल आपणच एकमेकांना सांगायचा आणि स्कोअर आपणच ठेवायचा. डिस्क हरवली तर शोधायला तीन मिनिटं मिळतात, आणि ज्याच्याशी एका थ्रोचा फरक आहे तोच माणूस काट्याकुट्यात शिरून तुमची डिस्क शोधत असतो. हे मी जिथे जिथे गेलो तिथे बघितलंय. लोकल खेळाडूंना तर राउंडच्या आधी बिनधास्त विचारा, दुपारी वारा फिरतो का, कुठला होल फसवतो, ते सगळं सांगतात, कित्येकदा स्वतःच्या घरी झोपायला जागाही देतात. ह्या लोकांशिवाय फिरतीचे खेळाडू टिकलेच नसते.

पीडीजीए खेळाडूंना जे रेटिंग देते त्याबद्दल एक बोलायचंच आहे. 1000 म्हणजे स्क्रॅच, अगदी वरच्या दर्जाचा खेळाडू, आणि तुमच्या राउंडचं रेटिंग ठरतं ते त्याच कोर्सवर, त्याच राउंडमध्ये बाकीचे रेटिंगवाले खेळाडू कसे खेळले त्यावरून. शेवटच्या बारा महिन्यांचे राउंड धरतात आणि त्यातल्या ताज्या पाव भागाला दुप्पट वजन. पद्धत चांगली आहे, माझी काहीच तक्रार नाही, पण एकाच कोर्सवर वर्षभर खेळून कमावलेलं 950 आणि दर वेळी नव्या कोर्सवर कमावलेलं 950 ह्यांत मी दुसऱ्याला जास्त मान देतो. पहिल्याला झाडंही ओळखतात.

आणि स्कोअरबोर्ड बघून आधीच हार मानणाऱ्यांनी 2021 ची वर्ल्ड चॅम्पियनशिप बघावी. ऑग्डेन, युटा, शेवटचा होल, पॉल मॅकबेथ एका थ्रोने पुढे आणि जेम्स कॉनराडने 247 फुटांवरून, म्हणजे साधारण 75 मीटरवरून, थेट बास्केटमध्ये टाकली. बरोबरी झाली आणि प्लेऑफमध्ये तोच जिंकला.

पहिल्यांदाच बाहेरगावी खेळायला जाणार असाल तर सी टियरची, म्हणजे खालच्या पायरीची स्पर्धा निवडा, वरच्या बी आणि ए नंतर आहेतच. जागा पटापट भरतात त्यामुळे रजिस्ट्रेशन उघडतं त्या दिवशी फोन हातात ठेवा. एक दिवस आधी पोहोचता येत नसेल तर मी म्हणेन लांबची सोडा आणि जवळची खेळा, रात्रभर गाडी चालवून थेट टी पॅडवर जाण्यात काही अर्थ नाही, त्यात शॉटगन स्टार्ट (सगळे गट एकाच वेळी वेगवेगळ्या होलवरून सुरू करतात) असेल आणि उशीर होऊन एखादा होल चुकला तर पारवर चार थ्रो जोडले जातात. शुक्रवारी दुपारी पोहोचा, बॅगेत तीनचारच डिस्क ठेवा, स्कोअरचं ॲप बंद करा आणि बास्केटकडून टीकडे चालायला लागा.