फिनलंडमधला पहिला म्युझिक व्हिडिओ आणि अडकलेलं बिल

मुंबईत जाहिरातींच्या सेटवर काम केलेली आणि आता हेलसिंकी-एस्पोच्या बाजूला राहायला आलेली मंडळी मला हमखास विचारतात, "इथे दिग्दर्शक व्हायचं तर सुरुवात कुठून करायची?" त्यांना शोरीलबद्दल, म्हणजे आपल्या कामाचे निवडक तुकडे जोडून केलेल्या व्हिडिओबद्दल, ऐकायचं असतं. मी मात्र आधी विचारते, "बँकेचे कोड मिळाले का?" बहुतेकांना हा प्रश्न विषयाला सोडून वाटतो. तो तसा नाही, आणि का नाही हे एकदा नीट लिहून ठेवायचं माझ्या मनात बरेच दिवस होतं.

आधी कामाचा रस्ता सांगते, कारण तो खरंच सरळ आहे. इथला जाहिरात दिग्दर्शक बहुतेक वेळा म्युझिक व्हिडिओतून वर येतो. देश लहान, पण बँड उदंड, त्यातही हेवी मेटल वाजवणारे जास्त. प्रत्येकाला व्हिडिओ हवा असतो आणि पैसे कमी असतात, त्यामुळे नव्या माणसाला दार उघडं असतं. पेते रिस्की यांचं उदाहरण इथे सगळ्यांना माहीत आहे. 2006 साली युरोव्हिजन ही युरोपातली गाण्यांची स्पर्धा जिंकलेल्या लोर्डी या बँडचे व्हिडिओ त्यांनी केले, सोबत जाहिरातीही केल्या आणि 2008 मध्ये त्याच बँडला घेऊन 'डार्क फ्लोअर्स' हा भयपट केला. अन्त्ती योकिनेन अमेरिकेत म्युझिक व्हिडिओ करत करत 2011 मध्ये अभिनेत्री हिलरी स्वँकला घेऊन 'द रेसिडेंट' या चित्रपटापर्यंत पोचले. नंतर ते मायदेशी परतले आणि लेखिका सोफी ओक्सानेन यांच्या कथेवर त्यांनी जो चित्रपट केला, तो 2012 साली फिनलंडने ऑस्करला पाठवला. तीन-चार मिनिटांच्या गाण्यापासून किती लांब जाता येतं हे या दोघांकडे पाहून कळतं. औलू शहरात तर म्युझिक व्हिडिओंचा स्वतंत्र महोत्सव भरतो. हातात गिटार नसताना ती वाजवल्याचा अभिनय करायची जागतिक 'एअर गिटार' स्पर्धा 1996 मध्ये त्याच महोत्सवात सुरू झाली.

मी नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आले. मागे गोरेगाव-अंधेरीतला असिस्टंट डायरेक्टरचा अनुभव होता. ओळखीतून एका तरुण बँडचा व्हिडिओ मिळाला आणि ऐन डिसेंबरात शूट ठरलं. त्या महिन्यात हेलसिंकीत दिवस जेमतेम सहा तासांचा. सूर्य दिवसभर क्षितिजाला चिकटून असतो, म्हणजे जो तिरपा उजेड मिळवायला मुंबईत आपण पहाटे चारला युनिट उठवतो, तो इथे दुपारी बारालाही मिळतो. कॅमेरामन खूश होता, पण थंडीने बॅटऱ्या भराभर उतरत होत्या. त्या आम्ही जॅकेटच्या आतल्या खिशात अंगाशी धरून ठेवल्या. बाहेरून आत येताना लेन्स आधी प्लास्टिकच्या पिशवीत घालून घट्ट बांधायची आणि खोलीच्या तापमानाला आली की मगच उघडायची, नाहीतर काचेवर दव धरतं आणि तासभर काम थांबतं. सेटवर स्पॉटदादा नाही, लाइटदादा नाही. आपला कप आपण विसळायचा, सामान सगळ्यांनी मिळून उचलायचं. अकराच्या सुमाराला गरम जेवण, आणि दिलेली वेळ म्हणजे वेळ. मला ही शिस्त फार आवडली. व्हिडिओ चांगला झाला. त्यावरून एका प्रॉडक्शन हाऊसने दुकानांच्या साखळीसाठी छोट्या जाहिरातीचं काम दिलं आणि तेही वेळेत पुरं झालं.

मग त्यांच्या हिशेबनीस बाईंचा मेल आला. एकतर व्यवसाय क्रमांक टाकून बिल पाठवा, नाहीतर करकार्ड (किती टक्के कर कापायचा हे सांगणारं करखात्याचं पत्र) द्या आणि पैसे पगार म्हणून घ्या. करकार्ड नसेल तर नियमाप्रमाणे 60 टक्के कर कापावा लागेल. हो, साठच, टायपिंगची चूक नाही. करकार्ड मला करखात्याच्या काउंटरवर मिळालं असतं, पण दिग्दर्शक म्हणून पुढे काम करायचं तर प्रत्येक कंपनीच्या पगारपत्रकावर चढत-उतरत बसून चालत नाही. इथे या धंद्यातले बहुतेक लोक 'तोइमिनिमी' काढतात, म्हणजे एकट्याच्या नावावरचा व्यवसाय. कुटुंबाच्या आधारावरच्या निवास परवान्यावर नोकरीही करता येते आणि धंदाही, त्यामुळे कायद्याची अडचण नव्हती. ऑनलाइन फॉर्म भरायचा, काही दिवसांत 'वाय-तुन्नुस' हा क्रमांक मिळतो, बिल पाठवायचं.

फॉर्मच्या पहिल्याच पानावर घोडं अडलं. 'ओळख पटवा.' ओळख पटवायची ती बँकेच्या कोडने, म्हणजे ज्या कोडने नेटबँकिंगमध्ये शिरतो त्यांनीच. इथे करखातं, आरोग्यकेंद्र, पेन्शनचा विमा, घरभाड्याचा करार, अनुदानाचा अर्ज, सगळीकडे दारात हाच प्रश्न. त्या कोडना सगळे 'पांक्कितुन्नुक्सेत' म्हणतात.

माझ्याकडे खातं होतं, कार्ड होतं, बँकेच्या ॲपमध्ये शिरायचे कोडही होते. पण हे कोड फक्त बँकेच्या आतच चालतात, हे खातं उघडताना कोणी सांगितलं नव्हतं. भाडं भरता येतं, दूध आणता येतं, पण सरकारी साइटवर तुम्ही कोण हे त्यातून सिद्ध होत नाही. त्यासाठी वेगळा अधिकार लागतो आणि तो बँक देते. मी शाखेत गेले. भेटीची वेळ काही आठवड्यांनंतरची मिळाली. त्या दिवशी समोरच्या बाई अतिशय सौम्य आवाजात म्हणाल्या, "तुमचा पासपोर्ट आम्ही यासाठी स्वीकारत नाही." मी निवास परवान्याचं कार्ड पुढे केलं. त्यावर फोटो, बोटांचे ठसे, चिप, सगळं फिनलंड सरकारने दिलेलं. त्या म्हणाल्या, "हे कार्ड ओळखपत्र धरलं जात नाही." मग मी काय दाखवू? "आमचं धोरण आहे." पुढे काय करायचं हे त्या सांगेनात. फोनवर विचारलं तर शाखेत जा, शाखेत विचारलं तर फोन करा.

मोबाइल कंपनीची ओळखसेवाही असते म्हणून तिथे गेले. ती सुरू करायला आधी बँकेचे कोड लागतात किंवा इथलं ओळखपत्र. बिलं काढून देणाऱ्या सेवा असतात, त्या थोडं कमिशन घेऊन तुमच्या वतीने बिल पाठवतात, स्वतःचा व्यवसाय क्रमांक लागत नाही. तिथेही नाव नोंदवताना तेच पान, तोच प्रश्न. इकडे कॅमेरामनचे, एडिटरचे पैसे मी आमच्या घरखर्चातून दिले होते, कारण त्यांना थांबवणं मला पटेना. प्रॉडक्शन हाऊसची माणसं समजूतदार होती, पण त्यांनाही वर्षअखेरचे हिशेब बंद करायचे होते. दर आठवड्याला त्यांचा नम्र मेल यायचा आणि माझ्याकडे उत्तर नसायचं. मुंबईत पैसे थकतात ते समोरचा देत नाही म्हणून. इथे समोरचा पैसे हातात घेऊन उभा होता आणि मला ते घेता येत नव्हते. याचा संताप अजून गेलेला नाही.

शेवटी मी कायदाच वाचायला बसले. इलेक्ट्रॉनिक ओळखीच्या फिनिश कायद्यात असं आहे: युरोपीय आर्थिक क्षेत्रातल्या देशांचा, स्वित्झर्लंडचा किंवा सान मारिनोचा पासपोर्ट अथवा ओळखपत्र पाहून ही ओळख देता येते, आणि इतर देशांचा पासपोर्ट सेवा देणारी संस्था 'स्वीकारू शकते'. सगळा पेच या 'शकते'त आहे. म्हणजे भारतीय पासपोर्टला कायद्याने बंदी नाही, निर्णय बँकेचा. एक बँक घेते, दुसरी घेत नाही, आणि घेत नाही ती असं बोलते की जणू देशाचाच नियम आहे. हे पहिल्याच भेटीत त्या बाईंनी सांगितलं असतं, तर माझा सगळा हिवाळा वाचला असता.

त्याच कायद्यात सुटकाही होती. फिनलंड हाही त्या क्षेत्रातलाच देश, तेव्हा इथल्या पोलिसांनी दिलेलं ओळखपत्र पुढे केलं की पासपोर्टचा वाद उरतच नाही. परदेशी रहिवाशांसाठी पोलीस असं ओळखपत्र देतात. अट अशी की निवास परवाना चालू हवा, नगरपालिकेत रहिवासी म्हणून नोंद हवी आणि ओळखीची खात्री पटायला हवी. त्याचा अर्जही ऑनलाइन करायचा तर बँकेचे कोड लागतात, म्हणून सरळ वेळ घेऊन पोलीस ठाण्यात जायचं. फोटो कागदावर न्यावा लागत नाही. स्टुडिओवाला तो परस्पर पोलिसांच्या सर्व्हरवर पाठवतो आणि तुम्हाला एक क्रमांकाची चिठ्ठी देतो, ती जपून ठेवा. ठाण्यातल्या बाईंनी पासपोर्ट, परवाना, ठसे पाहिले आणि पाच-सात मिनिटांत काम झालं. तयार ओळखपत्र आलं ते कोपऱ्यावरच्या आर-किओस्की या छोट्या दुकानात. चॉकलेटं आणि लॉटरीच्या तिकिटांच्या मागच्या कप्प्यातून मुलाने पाकीट काढलं, सही घेतली, दिलं.

ते घेऊन मी आधीच्या बँकेत गेलेच नाही. दुसरीकडे गेले, खातं उघडलं आणि त्याच भेटीत कोड मिळाले. घरी येऊन फॉर्म उघडला, ओळख पटली, जेवायच्या आधी अर्ज गेला. काही दिवसांत क्रमांक आला, बिल पाठवलं, ते मंजूर झालं, पैसे आले. त्या रात्री आमच्याकडे पुरणपोळी झाली.

आता जे आठवेल ते सांगते. बँक नाही म्हणाली तर कारण लेखी मागा. युरोपीय देशात कायदेशीर राहणाऱ्याला मूलभूत खातं नाकारायचं तर तसं लेखी कळवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. 'लेखी द्या' म्हटलं की बोलण्याचा सूरही बदलतो. खातं उघडतानाच विचारा, "या कोडने सरकारी साइटवर ओळख पटेल का?" हा एक प्रश्न मला कुणी सांगितला असता तर बरं झालं असतं.

भारतातून निघण्याआधी विवाह प्रमाणपत्र राज्याकडून प्रमाणित करून त्यावर अपॉस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा यासाठीचा सरकारी शिक्का, घ्या. महाराष्ट्रातलं प्रमाणपत्र मराठी आणि इंग्रजी दोन्हीत असतं, त्यामुळे भाषांतराचा खर्च वाचतो. नोंदणीसाठी हेलसिंकीतल्या इंटरनॅशनल हाऊसमध्ये जा, एकाच छताखाली बरीच खाती बसतात आणि माणसं मदत करतात.

2025 पासून वर्षाची उलाढाल 20,000 युरोंच्या आत असेल तर मूल्यवर्धित करासाठी नोंदणी करावी लागत नाही. त्यावर गेलात की सर्वसाधारण दर 25.5 टक्के, तेव्हा कोटेशन देताना आकडा कराशिवायचा की करासह हे स्पष्ट लिहा. व्यवसायातल्या तुमच्या कामाचं अंदाजे मोल वर्षाला साधारण 9,000 युरोंच्या वर जाणार असेल तर 'येल' हा पेन्शनचा विमाही काढावा लागतो. नव्या दिग्दर्शकाच्या कोटेशनमध्ये तो बहुतेक वेळा सुटतो.

आणि हो, कामाचं. जाहिरातीसाठी एजन्सी दोन-तीन दिग्दर्शकांकडून ट्रीटमेंट, म्हणजे जाहिरात कशी करणार याचा लेखी आराखडा, मागवते. तुमची फिनिश कच्ची असली तरी चालते, ट्रीटमेंट इंग्रजीत लिहा, पण लोकेशनचे फोटो स्वतः जाऊन काढलेले टाका. मी बर्फातल्या ट्रामथांब्याचे फोटो दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी काढून लावले होते, आणि दुसरं काम मला त्या पानामुळे मिळालं असं एजन्सीनेच सांगितलं. जंगलात फिरायला इथे कुणाची परवानगी लागत नाही, पण दिवे, जनरेटर आणि युनिट घेऊन शूट करायचं तर जमिनीच्या मालकाला आधी विचारा.

दुसऱ्या जाहिरातीचं शूट जूनमध्ये झालं, जवळजवळ एकोणीस तास उजेड. बिल शूटच्या दुसऱ्या दिवशी पाठवलं, चौदा दिवसांची मुदत टाकून. पैसे मुदतीच्या आत जमा झाले.