आमची वाटचाल : दरवाज्याच्या आत चालायचं

गडाचा पहिला दरवाजा आला की घड्याळ थांबवायचं आणि तिथून पुढे चालायचं. आमच्याकडे नाव नोंदवणाऱ्या प्रत्येकाला हा नियम पहिल्याच निरोपात जातो. किल्ल्यांच्या परिसरात धावायच्या वाटा आखायच्या आणि लहान गटांना त्या वाटांवर न्यायचं, हा आमचा व्यवसाय. त्यात आजवर जे काही बदललं ते बहुतेक या एका नियमापायी बदललं, म्हणून सांगायला तिथूनच सुरुवात करतो.

पहिली वाट सिंहगडाची. आतकरवाडीतून गडावर जाणारी पायवाट सुमारे २.७ किलोमीटरची आणि तेवढ्यात चढ ६०० मीटरच्या वर. म्हणजे शंभर मीटर चालताना जवळपास बावीस मीटर उंची चढायची. अशा चढावर धावून वेळ फारसा वाचत नाही, दम मात्र पार जातो. पहिली दहा मिनिटं धावणारा अर्ध्या वाटेवर खाली बसलेला दिसतो. इथे पाऊल लहान ठेवायचं, तळवा पूर्ण टेकवायचा, हाताचे तळवे गुडघ्यांच्या जरा वर मांडीवर दाबायचे आणि एका लयीत चालत राहायचं. सुरुवातीला आम्ही सपाटीच्या वेगावरून वेळ काढत होतो आणि प्रत्येक गट उशिरा उतरत होता. आता साधा हिशेब ठेवतो : दर १०० मीटर चढाला सपाटीचा एक किलोमीटर जास्तीचा धरायचा. सिंहगडाचे पावणेतीन किलोमीटर त्या हिशेबाने पावणेनऊ होतात आणि वेळ बरोबर जुळते.

खरी दुखापत होते ती उतरताना. मुरमाड उतारावर बारीक खडी बुटाखाली गोट्यांसारखी फिरते. माणूस घाबरून मागे रेलतो, टाचेवर भार देतो आणि तिथेच पाय सटकतो. अंग किंचित पुढे, गुडघे सैल आणि पावलं झटपट, असं उतरायला शिकवावं लागतं. दुसरा त्रास नखांचा. उतारावर पाय बुटात पुढे सरकतो, अंगठा पुढच्या टोकाला आपटत राहतो आणि दोन दिवसांनी नख काळं पडतं. अर्धा नंबर मोठा बूट हवाच, पण त्याहून महत्त्वाची लेस. बुटाला घोट्याजवळ एक जादा भोक असतं. त्याच बाजूच्या शेवटच्या दोन भोकांत लेस ओवून दोन्हीकडे छोटा फासा करायचा, उजवं टोक डाव्या फाशातून आणि डावं उजव्या फाशातून काढायचं, टाच मागे ठोकून बसवायची आणि मग आवळून गाठ मारायची. टाच जागची हलत नाही. निघण्याआधीची पाच मिनिटं आम्ही यासाठीच राखून ठेवतो.

सिंहगडानंतर कात्रज ते सिंहगड ही टेकड्यांची रांग घेतली. तेरा टेकड्या, एकामागून एक चढ-उतार, आणि वाटेत भरवशाचं पाणी कुठेही नाही. माणशी तीन लिटर पाणी पाठीवर घेतल्याशिवाय आम्ही कोणाला पुढे सोडत नाही. नुसतं पाणी पिऊन भागत नाही. घामातून मीठ जातं, त्यामुळे एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, वर लिंबू पिळून, असं सरबत निम्म्या पाण्याचं करून ठेवायचं. चमचा चहाचाच घ्यायचा, मीठ अंदाजाने टाकायचं नाही. पावसाळ्यानंतर या रांगेवर गवत इतकं वाढतं की पायाखालचा दगड दिसत नाही आणि घोटा मुरगळतो. गवत वाळलं की वणव्याची भीती. म्हणून ही वाट आम्ही वर्षातले थोडेच आठवडे उघडी ठेवतो.

लोहगड–विसापूर ही मात्र आमची सगळ्यात पूर्ण वाट. पुणे–लोणावळा लोकलने मळवलीला उतरायचं, भाजे गावातून वर गायमुख खिंडीत जायचं. खिंडीच्या एका अंगाला लोहगड, दुसऱ्या अंगाला विसापूर. लोहगड १,०३३ मीटर, विसापूर १,०८४. ही पन्नास मीटरची उंची इतिहासातही कामाची ठरली. ४ मार्च १८१८ रोजी इंग्रजांनी विसापूर घेतला आणि त्याच्या माऱ्याखाली आलेला लोहगड दुसऱ्याच दिवशी सोडावा लागला. विसापूरच्या तटावर उभं राहून समोर पाहिलं की हे कारण एका नजरेत कळतं. म्हणून आम्ही विसापूर आधी घेतो आणि लोहगड नंतर. दोन्ही किल्ले आणि भाजे लेणी संरक्षित स्मारकं आहेत. तिकिटं आणि फाटकाच्या वेळा आदल्या दिवशी तपासून घ्याव्यात, कारण पहाटे मळवलीहून निघणारा माणूस लेण्यांपाशी पोचतो तेव्हा फाटक उघडलेलं नसतं. लेणी उतरताना, शेवटी.

दरवाज्याचा नियम पक्का झाला तो लोहगडावर. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे एकामागोमाग येतात. नारायण दरवाजा नाना फडणवीसांनी बांधवला, हनुमान दरवाजा त्यांतला सगळ्यात जुना. वाट सापासारखी वळत जाते. समोरून कोण येतंय ते वळण घेईपर्यंत दिसत नाही, आणि डोक्यावर बुरूज. हे मुद्दाम केलेलं आहे : चाल करून येणाऱ्या शत्रूचा वेग मोडावा, त्याला वळणावर गर्दी करून अडकवावं. ज्या बांधकामाचं कामच धावणाऱ्याला थांबवणं आहे तिथे धावलं की काय व्हायचं तेच होतं. वरून उतरणारा वेगात असतो, खालून आजी-आजोबा नातवंडांचा हात धरून येत असतात आणि दोघांची गाठ नेमकी वळणावर पडते. त्यात पायऱ्यांचे दगड पावलांनी घासून गुळगुळीत झालेले, पावसाळ्यात वर शेवाळ. धावायच्या बुटाचं रबर चिखलात उत्तम धरतं, ओल्या गुळगुळीत कातळावर मात्र कुठलाही बूट दगा देतो.

चालायला लागलं की गड दिसायलाही लागतो. सुरतेच्या लुटीतला ऐवज जिथे ठेवला होता असं सांगतात ती लक्ष्मीकोठी, नानांचं सोळा कोनी टाकं, आणि विंचूकाट्याची निमुळती माची. माचीवर उतरायला छोटा खडकाळ टप्पा आहे. वारा असेल किंवा कातळ ओला असेल तर आम्ही वरूनच माची दाखवतो. विसापूरला इंग्रजांनी दरवाजे पाडले, त्यामुळे तिथे दरवाज्याची खूण नाही. पायऱ्यांची वाट सुरू होते तीच आमची सीमा. पावसाळ्यात त्या पायऱ्यांवरूनच ओढा वाहतो. वर पठार ऐसपैस आहे, चुन्याच्या घाण्याचं अवजड दगडी चाक पडलेलं आहे, पण धुकं उतरलं की पठारावर दिशा राहत नाही. अशा वेळी तटबंदी एका हाताला ठेवून चालायचं, मधून आडवं कापायचं नाही.

मधमाश्यांबद्दल स्पष्ट सांगतो. गडांच्या कड्यांवर आणि लेण्यांच्या कपारींत आग्या मोहोळं असतात. अत्तर, फवारे, धूर आणि आरडाओरडा पूर्ण बंद. माश्या उठल्या तर हात झाडत उभं राहायचं नाही, तोंड-डोकं झाकून आल्या वाटेने दूर निघायचं. हा एकच प्रसंग, ज्यात आमच्याकडे दरवाज्याच्या आतही पळायची मुभा आहे.

या नियमांमुळे गट लहान झाला. आता एका वेळी बारा जण, पुढे एक वाट दाखवणारा, मागे एक. मागच्याच्या पुढ्यात शेवटचा धावणारा असलाच पाहिजे. दोघांकडे फोनमध्ये नेटवर्कशिवाय चालणारा नकाशा आणि वाटेची नोंद असते. दोन घड्याळं एकाच वाटेचं अंतर सारखं दाखवत नाहीत, कारण कड्याखाली उपग्रहाचा सिग्नल उसळून येतो आणि रेघ वाकडीतिकडी होते. म्हणून आम्ही अंतरावरून सूचना देत नाही. ‘साडेचार किलोमीटरला डावीकडे’ असं कधीच नाही. ‘खिंडीतल्या फाट्याला डावीकडे’ असं. दगडांवर रंगाचे बाण मारत नाही. कापडी फिती बांधतो आणि मागचा माणूस त्या सोडवत येतो.

राजगड–तोरणा ही धावायची वाट म्हणून आम्ही बंद केली. तोरण्याच्या बुधला माचीकडून उतरून राजगडाच्या संजीवनी माचीकडे जाणारी धार अप्रतिम आहे, पण तिच्या दोन्ही टोकांना गड आहेत, आणि संजीवनीच्या दुहेरी तटाची रचना समजून घ्यायला वेळ द्यावाच लागतो. चालत, पूर्ण दिवस काढून करायची ती वाट आहे, आणि आम्ही ती तशीच नेतो.

पन्हाळा ते पावनखिंड ही आमची सगळ्यात लांब वाट, तीन दिवसांची. जुलै १६६० मध्ये सिद्दी जौहरच्या वेढ्यातून महाराज याच बाजूने विशाळगडाकडे निघाले आणि घोडखिंडीत बाजीप्रभूंनी खिंड लढवली. मसाईचं पठार जांभ्याचं आहे. जांभा ओला असला तरी बरा धरतो, पण पडलं तर कातडी सोलून निघते, म्हणून पातळ हातमोजे घ्यावेत. पठाराखाली उतरलं की तांबडी माती, आणि ती साबणासारखी. इथली मोठी अडचण मात्र वेगळी आहे. पावनखिंडीचा दिवस आणि भाताची लावणी एकाच वेळी येतात. वाट खाचरांच्या बांधांवरून जाते आणि बांध ओल्या मातीचा असतो. दहा जण त्यावरून धावत गेले की कड ढासळते, खाचरातलं पाणी वाहून जातं आणि नुकती लावलेली रोपं उघडी पडतात. शेतकऱ्याला तो बांध पुन्हा हाताने लिंपावा लागतो. त्यामुळे लावणीच्या दिवसांत आम्ही या वाटेची नोंदणी घेत नाही. ही वाट भात कापून झाल्यावर, डिसेंबर-जानेवारीत नेतो. तेव्हाही बांधावर चालायचं, एकामागून एक, आणि ज्याचं शेत आहे तो दिसला तर थांबून विचारून पुढे जायचं.